शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: इंग्रजी ऐकायला-बोलायला रोज एक तास द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आता तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात संध्याकाळी मुलांना घेऊन बसते. मुलं बहुतेक मराठी माध्यमाची, काही सेमी-इंग्रजीची. त्यांच्यासाठी आपल्याकडे काही मागायचं आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, टॅबलेटची निविदाही काढावी लागत नाही.

२००० साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. तेव्हा केवढा वाद झाला! मला तो निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पैसेवाल्याच्या मुलाला जे मिळतं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलालाही मिळालं पाहिजे. पण दहा वर्षं इंग्रजी शिकून दहावी पास झालेल्या मुलाला मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांग’ एवढं इंग्रजीत विचारलं, तरी पाठ केलेली चार वाक्यं संपली की त्याच्या घशाला कोरड पडते. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून एवढं रान पेटलं की शासननिर्णय मागे घ्यावे लागले. पंचवीस वर्षं शिकवल्या जाणाऱ्या इंग्रजीचं काय झालं, हे मात्र त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही.

ही कोरड बाजाराने बरोबर ओळखली आहे. कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर उभं राहा, ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे फलक दिसतील. आई-वडील पोटाला चिमटा काढून फी भरतात. क्लासमध्ये पुन्हा काळांचे तक्ते, पुन्हा पाठ केलेले संवाद. तेच तर शाळेतही झालेलं असतं. जे झालेलं नसतं ते म्हणजे भरपूर ऐकणं, समजेल असं वाचणं आणि कुणीतरी ऐकतंय म्हणून बोलणं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आज अगदी फुकट मिळतात.

आपल्याच खात्याच्या घरातली गोष्ट आधी सांगते. बालभारतीची सगळी पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात, इंग्रजी माध्यमाचीसुद्धा. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवरायांचा इतिहास आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला तो तोंडपाठ असतो. प्रतापगड, पावनखिंड, शायिस्ताखानाची बोटं, आग्र्याहून सुटका, सगळं. तेच पुस्तक इंग्रजी माध्यमाचं उतरवून घ्यायचं आणि सातवी-आठवीच्या मुलांपुढे ठेवायचं. एरवी इंग्रजीचा परिच्छेद म्हटलं की अंग चोरणारी मुलं हे वाचतात, कारण पुढे काय होणार ते त्यांना माहीत असतं. अफझलखानाने मिठी मारताना मान कशी दाबली, या वाक्यात नवे शब्द दोन-तीन असले तरी शब्दकोश उघडावा लागत नाही. प्रसंगच अर्थ सांगतो. हे करून पाहावं असं मी प्रत्येक शिक्षकाला सांगते. मुलाची इयत्ता सातवी असली तरी त्याचं इंग्रजी वाचन तिसरी-चौथीचं असतं, आणि तिथूनच सुरुवात केली तर ते झपाट्याने वर चढतं. खालच्या इयत्तेचं पुस्तक हातात देण्यात कमीपणा नाही, हे पालकांना मात्र समजावून सांगावं लागतं.

लहान मुलांसाठी ‘प्रथम बुक्स’चं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं मोफत संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत, चित्रांसकट. परवाना खुला असल्याने ग्रंथालय ती छापून ठेवू शकतं. आम्ही ठेवतो.

ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिश आहे. शिकणाऱ्यांसाठी सहा-सहा मिनिटांचे कार्यक्रम, सोबत लिखित मजकूर. आमच्याकडे ते एका फोनवर उतरवून छोट्या स्पीकरवर लावतो. पहिल्यांदा कागद न देता ऐकायचं. मग कागद हातात घेऊन. मग एकेक वाक्य थांबवून, जसं ऐकलं तसंच म्हणायचं, त्याच चढउतारात. मुलं शब्द डोळ्यांनी शिकलेली असतात, म्हणून ‘कम्फर्टेबल’ म्हणतात. कानावर येतं ‘कम्फ्टबल’, आणि त्यांना वाटतं हा वेगळाच शब्द आहे. माहीत असलेला शब्द ऐकून ओळखता येत नाही, ही मराठी माध्यमाच्या मुलांची फार मोठी अडचण आहे. ती व्याकरणाच्या तासाने सुटत नाही, रोजच्या ऐकण्याने सुटते.

उच्चार तपासायला फोनमधलं बोलून टाइप करायचं बटण पुरतं. एका नववीतल्या मुलीला सांगायचं होतं की गुरांचा डॉक्टर आमची गाय बघायला आला. तिने ‘व्हेट’ म्हटलं, फोनने ‘वेट’ लिहिलं, म्हणजे ओला. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा ओला. मग वरचे दात खालच्या ओठावर टेकवून सावकाश म्हटलं, आणि फोनवर डॉक्टर उमटला. बाकीच्या मुली लगेच रांगेत. मी कितीही वेळा फळ्यावर समजावलं असतं तरी एवढी हौस आली नसती. फोन हसत नाही आणि कंटाळत नाही, याचा लाजऱ्या मुलांना फार आधार वाटतो.

आणि आकाशवाणी. आधी मराठी बातम्या ऐकायच्या, नंतर त्याच दिवसाच्या इंग्रजी बातम्या. कांद्याचा भाव, धरणातलं पाणी, क्रिकेटचा निकाल आधीच कळलेला असतो, त्यामुळे कानाला फक्त शब्द पकडायचे उरतात. बातम्यांचा लिखित मजकूरही आकाशवाणीच्या संकेतस्थळावर मिळतो. शिवाय आपली मुलं क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकत वाढली आहेत. चेंडू कुठे पडला, फटका कुठे गेला हे त्यांना इंग्रजीत बरोबर कळतं. शिकवलं कुणीच नव्हतं, पण ऐकलं भरपूर आणि त्यात जीव होता.

एवढं सगळं फुकट असताना अडतं कुठे?

घरातला फोन वडिलांचा असतो आणि तो त्यांच्याबरोबर कामाला जातो. रात्री परत येतो तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असतो. थोरल्या भावाला वेगळा फोन मिळतो, बहिणीला मिळत नाही. सहावीनंतरच्या मुलींच्या बाबतीत हे मी सतत पाहते. एका खोलीत पाच माणसं असली तर मोठ्याने वाचणार कुठे? आणि वाचलं तरी ऐकणार कोण? आईला इंग्रजी येत नाही म्हणून ती गप्प, शेजारी ऐकतील म्हणून मूल गप्प. शहरातल्या फ्लॅटमधल्या मुलाला जी जागा, जो वेळ आणि जो श्रोता न मागता मिळतो, तो या मुलांना कुणीतरी मिळवून द्यावा लागतो. शासनाचं अभ्यासाचं दीक्षा ॲप, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड या सगळ्या चांगल्या सोयी आहेत, पण त्या उघडायला हातात फोन लागतो.

म्हणून माझी पहिली मागणी अशी. रोज संध्याकाळी एक तास, एक खोली, एक स्पीकर आणि एक माणूस. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने उभं राहिलेलं सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं आहे, गावोगावी. त्यातल्या कित्येकांत संध्याकाळी चार आजोबा वर्तमानपत्र चाळत असतात आणि मागची खोली बंद असते. ती उघडा. ग्रंथालय अ, ब, क की ड वर्गाचं हे ठरताना ग्रंथसंख्या, वाचक, वर्तमानपत्रं पाहिली जातात. त्यात मुलांच्या ऐकण्या-वाचण्याच्या तासालाही गुण द्या, अनुदानाशी जोडा. मग बघा किती कुलपं निघतात. जिथे ग्रंथालय नाही तिथे शाळेचाच एक वर्ग संध्याकाळी उघडा ठेवा. माणूस म्हणून निवृत्त शिक्षक मिळतील, डी.एड. करून घरी बसलेल्या मुली मिळतील, बारावीची मुलंसुद्धा चालतील. मानधन द्यावं, थोडं का होईना. सगळं सेवाभावावर ढकललं की दिवाळीनंतर तास बंद पडतो.

अडचण मला माहीत आहे: शाळा आपल्या खात्यात, ग्रंथालयं उच्च व तंत्रशिक्षण खात्यात. मुलाच्या दृष्टीने मात्र शाळा आणि ग्रंथालय एकाच रस्त्यावर आहेत.

दुसरी मागणी आकाशवाणीसंबंधी. ती केंद्राची असली तरी आपण शब्द टाकू शकता. व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केलं होतं. सुमारे दीड हजार शब्दांच्या आत, छोट्या वाक्यांत, नेहमीपेक्षा बऱ्याच संथ गतीने बातम्या. जगभरातल्या लोकांनी त्यावर इंग्रजी शिकून घेतलं. आपल्या मुलांसाठी आपल्याच बातम्या अशा संथ इंग्रजीत का नसाव्यात? रोज दहा मिनिटं, राज्यातल्या केंद्रांवरून, महाराष्ट्राच्या बातम्या, आणि मजकूर बालभारतीच्या संकेतस्थळावर. रेडिओवर मुलांना शिकवणं आपल्याला नवं नाही. करोनाच्या काळात नागपूर आकाशवाणीवर ‘शाळेबाहेरची शाळा’ चालली, ती खेड्यापाड्यांतल्या मुलांनी ऐकली. रेडिओला डेटा लागत नाही.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. दहावीला मराठी माध्यमाच्या मुलाचा इंग्रजीचा पेपर ८० गुणांचा आणि तोंडी परीक्षा २० गुणांची. भाषांचे हे तोंडी गुण २०१९ च्या परीक्षेला काढून टाकले होते. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते परत आणले गेले. त्या वादात दोन्ही बाजूंनी या वीस गुणांकडे पास होण्याचा हातभार म्हणूनच पाहिलं. मूल खरंच बोलतं का, ते बोलणं कुणी ऐकतं का, हा मुद्दा बाजूलाच राहिला. बऱ्याच शाळांत तोंडी परीक्षा म्हणजे एका दुपारी उरकलेली यादी असते, हे आपल्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक आहे. बारावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक येतो, तसा इथे शेजारच्या शाळेतला शिक्षक येऊ द्या. मुलाशी तीन मिनिटं बोला, फोनवर रेकॉर्ड करा. चुका मोजू नका; समोरच्याला कळलं का, एवढंच पाहा. परीक्षेत बोलणं खरोखर आलं की वर्गात बोलणं आपोआप येईल, कारण आपल्याकडे जे परीक्षेत असतं तेच शिकवलं जातं.

शिक्षकांना दोष देऊन हे सुटणार नाही. प्राथमिकच्या कितीतरी शिक्षकांनी स्वतः कधी इंग्रजी बोलणं ऐकलेलंच नसतं, ते वर्गात काय बोलणार? काही वर्षांपूर्वी राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्सनी मिळून नऊ जिल्ह्यांत ‘तेजस’ प्रकल्प राबवला. त्यात शिक्षकांचे छोटे गट जमायचे आणि आपसांत इंग्रजी बोलून, वर्गातले उपक्रम करून पाहायचे. तज्ज्ञांचं लांबलचक भाषण नाही, जेवणावळी नाहीत. आसपासच्या शाळांच्या केंद्रावर दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद होतेच. तिच्यातला अर्धा तास परिपत्रकांच्या वाचनातून काढून या बोलण्याला द्या.

सगळं एकदम करता आलं नाही तरी चालेल. येत्या जूनपासून प्रत्येक जिल्ह्यातला एक तालुका घ्या आणि फक्त संध्याकाळचा तास सुरू करा. सुरुवातीला प्रत्येक मुलाचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा, मार्चमध्ये पुन्हा करा, आणि दोन्ही स्वतः ऐका. कुठली फाईल मंजूर करायची ते आपल्याला त्यातूनच कळेल.

आमचं ग्रंथालय संध्याकाळी साडेपाचला उघडतं. आपला दौरा या बाजूला असला तर या. सत्कार, हारतुरे नकोत. मुलांशी इंग्रजीत थोडं बोला, अडखळली तर थांबा, त्यांना वाक्य पुरं करू द्या.

कळावे,

आपली नम्र,
मराठी माध्यमाच्या शाळेतली एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका

प्रत: मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य. ग्रंथालयांच्या किल्ल्या त्यांच्या खात्याकडे आहेत म्हणून.