परदेशी एसएसडीची पूर्ण किंमत पैसे भरण्याआधी कळली पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 च्या दिवाळीपासून रॅम आणि एसएसडीचे (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, चिप्सवर माहिती साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हचे) भाव जे चढू लागले, ते परभणीच्या बाजारातही लगेच जाणवले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना मेमरी चिप्स अफाट लागतात. चिप बनवणाऱ्यांनी माल तिकडे वळवला आणि साध्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला कमी माल अन् जास्त भाव आला. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये ‘क्रुशल’ हा किरकोळ विक्रीचा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी परदेशातल्या ऑनलाइन दुकानात नामांकित कंपनीची एक टीबीची एसएसडी इथल्यापेक्षा बरीच स्वस्त दिसली, की माणूस ती मागवतो. घामाचा पैसा वाचवण्यात गैर काहीच नाही. पण पडद्यावर दिसणारी सवलतीची किंमत म्हणजे त्या वस्तूची पूर्ण किंमत नसते, आणि उरलेली किंमत किती हे पैसे कापले जाईपर्यंत बहुतेकदा कोणी सांगत नाही. परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान चालवताना हे सतत बघतो, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे एसएसडी घेणारा माणूस हौशी नसतो. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा पोरगा, लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला, तालुक्याच्या गावचा फोटो स्टुडिओ, लातूर-संभाजीनगरला शिकणाऱ्या पोरांचे आई-बाप, अशी ही माणसे. जुन्या हार्ड डिस्कवर मशीन चालू व्हायलाच पाच-सात मिनिटे जातात. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी पाचशेच्या पुढे जाते. नवे मशीन घ्यायची ऐपत नसली तर एसएसडी टाकून जुन्यालाच कामाला लावतात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा अधिकृत सपोर्ट (नेहमीचे मोफत अपडेट) संपला, तरी अशी मशीन्स गावोगाव चालू आहेत, कारण विंडोज 11 त्यांच्यावर अधिकृतपणे बसतच नाही.

सेलू तालुक्यातल्या एका केंद्रचालकाची गोष्ट सांगतो. नोव्हेंबरच्या सेलमध्ये त्याने एका परदेशी दुकानातून एसएसडी मागवली. तिथे यूपीआय चालत नव्हते आणि त्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, म्हणून पुण्यातल्या मेव्हण्याचे क्रेडिट कार्ड वापरले. बँकेने परकीय चलनाचा आकार लावला. तो साधारण दोन ते साडेतीन टक्के असतो आणि वर त्यावर जीएसटी. पार्सल मुंबईत आल्यावर कुरिअरवाल्यांनी आधार-पॅनची कागदपत्रे मागितली आणि कस्टमची रक्कम भरा म्हणून मेसेज पाठवला. तो मला फोनवर म्हणाला, “भाऊ, स्वस्तात भेटायली म्हणून घेतली, आता हे वरून पैसे मागायलेत. फसवणूक तर नाही ना?” फसवणूक नव्हती, मागणी रीतसर होती. ती आधी कोणी सांगितली नव्हती, इतकेच.

कस्टमचा हिशेब असा चालतो. वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवतात, त्यावर सीमाशुल्क बसते आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. थोडक्यात, टपालखर्चावरही कर आणि सीमाशुल्कावरही कर. कुरिअर कंपनी कागदपत्रे हाताळण्याचे पैसे वेगळे घेते. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, त्यामुळे कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये. ‘गिफ्ट लिहून पाठवायला सांगा’ असा सल्ला देणारेही भेटतात. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट सरकारने डिसेंबर 2019 मध्येच काढून टाकली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली. खोटे लिहून माल आणला तर तो जप्त होऊ शकतो आणि दंडही बसतो.

एवढे होऊनही त्याचे थोडे पैसे वाचले होते. खरा फटका काही महिन्यांनी बसला. मशीन माझ्याकडे आणले तेव्हा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) ड्राइव्हच्या मॉडेलच्या जागी ‘साटाफर्म एस11’ अशी अक्षरे दिसत होती. ते एका विशिष्ट कंट्रोलरचे, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचे, नाव आहे. ते असे उघडे पडले, की कंट्रोलर आतले फर्मवेअर (ड्राइव्हचे स्वतःचे सॉफ्टवेअर) वाचू शकत नाही असे समजायचे. हार्ड डिस्क जाण्याआधी बहुतेकदा खडखडते, अडकते, इशारा देते. एसएसडी काल चालते आणि आज नसते. पुसलेल्या फायली हार्ड डिस्कवरून बऱ्याचदा काढता येतात, एसएसडीवरून त्या काढणे फार अवघड आणि महाग असते.

तीन वर्षांची वॉरंटी खोक्यावर छापलेली होती. कंपनीच्या भारतातल्या सेवा केंद्राने सिरियल नंबर तपासून सांगितले, की हा माल दुसऱ्या देशासाठीचा आहे, इथे बदलून मिळणार नाही. विकणाऱ्या दुकानाने उत्तर दिले, की ड्राइव्ह स्वखर्चाने परत पाठवा, तपासून बदलून देऊ. परत पाठवायला परदेशी कुरिअरचा खर्च आणि निर्यातीची कागदपत्रे लागतात. बदली ड्राइव्ह येईल तोही पुन्हा कस्टममधूनच येणार.

पण तो अडला त्याचे कारण वेगळे होते. त्या ड्राइव्हवर गावातल्या शेकडो माणसांची आधार कार्डे, बँक पासबुके, सातबारे आणि जातीचे दाखले स्कॅन करून ठेवलेले होते. पीक विम्याचे अर्ज भरताना लोक विश्वासाने देतात ती सगळी कागदपत्रे. चालू ड्राइव्ह पुसून पाठवता येतो, मेलेला पुसता येत नाही. तो म्हणाला, “लोकांची कागदं मी परदेशात नाही धाडणार.” त्याने ड्राइव्ह पाठवला नाही, वॉरंटी सोडली आणि इथल्या दुकानातून पूर्ण भावात नवा घेतला. त्याचा निर्णय मला शंभर टक्के पटतो. पण वॉरंटी या देशात चालणार नाही एवढी एक ओळ त्याला पैसे भरण्याआधी दिसली असती, तर हा प्रसंगच आला नसता.

यासाठी नवा कायदा नको. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जुलै 2020 मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. भारतात नोंदणी नसली तरी इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल देऊ करणाऱ्या दुकानांनाही ते लागू आहेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी, टपालखर्च आणि करांसकट तिची फोड द्यावी, हमी आणि वॉरंटीची माहिती द्यावी, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे, हे सगळे त्यात आहे. काही मोठी परदेशी दुकाने अंदाजे आयात शुल्क आधीच आकारतात आणि उरले तर परत करतात. म्हणजे हे करता येते. बाकीच्यांना ते करायला लावणारे कोणी नाही.

2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला. मुंबईला खेटे घालायची गरज नाही, परभणीच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते. पण समोरच्या दुकानाचा भारतात पत्ता नसेल, तर नोटीस बजावायची कोणावर आणि निकाल अमलात आणायचा कोणाकडून? त्या केंद्रचालकाचे प्रकरण इथेच थांबले.

नकली मालाबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. गंगाखेडच्या एका फोटोग्राफरने ‘16 टीबी’ची खिशातली एसएसडी अगदी क्षुल्लक किमतीत मागवली. एवढ्या पैशांत 16 टीबीच्या चिप्ससुद्धा येत नाहीत. मी कव्हर उघडले तर आत बोटाएवढ्या बोर्डावर एक मायक्रो एसडी कार्ड डिंकाने चिकटवलेले आणि वजनासाठी लोखंडाची पट्टी. फर्मवेअर कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगते. खरी जागा भरली की नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात. फायलींची नावे सगळी दिसतात, उघडल्या की अर्धा फोटो आणि खाली करडी पट्टी. दोन लग्नांचे फोटो त्यात गेले. विंडोजवर ‘एच2टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ3’ ही फुकटची साधने पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतात आणि खरी जागा सांगतात. वेळ लागतो, पण परत करायची मुदत संपायच्या आत ही तपासणी झालीच पाहिजे. (एक टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये 931 जीबी दिसतो ती फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. ही तक्रार घेऊनही खूप लोक येतात.)

खऱ्या कंपनीच्या मालातही गाफील राहू नये. 2021 मध्ये क्रुशलच्या पी2 या ड्राइव्हमध्ये आधीच्या टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) चिप्सच्या जागी त्याच नावाखाली क्यूएलसी (चार बिट साठवणाऱ्या) चिप्स आल्याचे उघड झाले. क्यूएलसी स्वस्त असते, पण मोठ्या फायली लिहिताना तिची कॅश (तात्पुरती साठवणाची वेगवान जागा) भरली की वेग धाडकन उतरतो. मोठी सवलत दिसली तर आत नेमके काय आहे ते विचारावे. आणि आपल्या जुन्या मदरबोर्डावर एनव्हीएमईचा (साटापेक्षा वेगवान, नव्या प्रकारच्या एसएसडीचा) खाचा आहे का, तेही आधी बघावे. तो नाही हे कळेपर्यंत पार्सल समुद्र ओलांडून आलेले असते.

आमच्या धंद्यातल्या लोकांबद्दलही बोलले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी काही दुकानांत बिलाशिवाय, दुसऱ्या देशासाठीचा माल ‘कंपनीचाच आहे’ म्हणून विकला जातो. गिऱ्हाईक परदेशी दुकानाकडे वळते त्याला हेही कारण आहे. प्रत्येक विक्रेत्याने बिलावर सिरियल नंबर लिहावा आणि तो कंपनीच्या वॉरंटी पानावर गिऱ्हाइकासमोर तपासून दाखवावा. दोन मिनिटांचे काम आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2020 च्या नियमांची अंमलबजावणी परदेशी दुकानांपासून सुरू करावी आणि भारतात पत्ता असलेला जबाबदार माणूस नेमल्याशिवाय त्यांना इथला ग्राहक घेऊ देऊ नये, अशी माझी मागणी आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक संरक्षण परिषद असते. मराठवाड्यातल्या आठही परिषदांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, सेवा केंद्रचालकांना बोलावून त्यांचे ऐकावे आणि आलेल्या तक्रारी एकत्र करून दिल्लीला पाठवाव्यात. आपल्या वृत्तपत्राने अशा वाचकांचे अनुभव मागवले, तर माझ्या दुकानातल्या नोंदी, ज्यांची संमती आहे त्यांच्या, द्यायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
परभणी