यंदा धनगरांचा वाडा आपल्या मळ्यात बसवू या : ग्रामपंचायतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, बचत गटाच्या भगिनी आणि मुंबईकर मंडळींना नमस्कार.

भातकापणी उरकत आली, खळ्यावर झोडणी चालू आहे. दिवाळी झाली की ताम्हिणी आणि वरंध घाटातून धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे कळप घेऊन फिरणारे त्यांचे तळ, खाली उतरतील, ते पावसाच्या तोंडावर पुन्हा घाटमाथ्यावर चढतील. पूर्वी खतासाठी वाडा आपल्या खाचरात (भाताच्या शेतात) आधी बसावा म्हणून घराघरांत चढाओढ असायची. आता युरियाची गोणी दुकानात मिळते, त्यामुळे त्यांची आठवण कोणाला राहत नाही. गेल्या साली तर वालाच्या शेतात मेंढरे शिरल्यावरून बोलाचाली झाली आणि वाडा उठून गेला. त्यांचे काही बिघडले नाही, शेजारच्या गावाने त्यांना बोलावून घेतले. रिकामे राहिले ते आपले मळे.

साध्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, शेळ्या-मेंढरांच्या लेंडीखतात ३ टक्क्यांच्या आसपास. शिवाय जनावर जे नत्र टाकते त्यातले निम्म्याच्या आसपास मूत्रात असते. गोठ्यात ते गटाराला जाते, शेतात कळप बसला तर जागच्या जागी मुरते. संध्याकाळी मेखा ठोकून वाघर (जाळीचे कुंपण) लावतात, मेंढरे आत घेतात आणि दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात सरकते. सकाळी त्या खाचरात जाऊन पाहा, लेंड्या खुरांनी तुडवून मातीत बसलेल्या असतात. पसरायला मजूर नको, ट्रॉलीचे भाडे नको.

पण खत पडले म्हणजे पिकाला मिळाले असे नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. उतारावर उघडे राहिलेले खत पहिल्या जोरदार सरींत पऱ्याला (ओढ्याला) लागते आणि पऱ्याचे पाणी विहिरीला. म्हणून ग्रामसभेत ठरले आहे की नळपाणी योजनेच्या विहिरीपासून आणि पऱ्याच्या काठापासून शंभर फुटांच्या आत कोणी वाडा बसवायचा नाही, शेणाचा ढीगही घालायचा नाही. वाडा उठला की जमिनीत ओल आहे तोवर नांगर धरावा, उन्हात वाळू दिलेल्या खतातले नत्र हवेत उडून जाते. गोठ्यातले शेण थंडीत शेतात टोपलीटोपलीने टाकून मे महिन्यापर्यंत तसेच ठेवायची आपली सवयही मोडायला हवी. खड्ड्यात कुजवा, वर पेंढा किंवा माती टाका, आणि पेरणीच्या आधी न्या. वाल, चवळी पेरणाऱ्यांनी बांधावर काटेरी फांद्या लावून खूण करावी. वाड्याच्या कारभाऱ्यांना ती शेते आम्ही आधीच फिरून दाखवू.

भाजावळीबद्दल थोडे. राबावर, म्हणजे भाताची रोपे करायच्या जागेवर, शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा जाळतो तेव्हा त्यातले बरेचसे नत्र धुरावाटे जाते. राब भाजल्याने तण मरते हे जुन्या माणसांचे म्हणणे खरे आहे, म्हणून सगळे बंद करा असे सांगत नाही. ज्यांच्या तरव्याच्या (रोपांच्या) जागेवर वाडा बसेल त्यांनी निदान एक वाफा न भाजता पेरून पाहावा.

आता मागणे. मळ्याच्या वरच्या अंगाला मेंढरांसाठी पाण्याचा हौद बांधायचा आहे, नाहीतर कळप पऱ्यात उतरतो आणि सगळा नियम कागदावर राहतो. सिमेंट, वाळू, चिरे, पाइप किंवा रोख, जे जमेल ते द्यावे. ज्यांना काहीच जमणार नाही त्यांनी श्रमदानाला यावे. वाड्याचा मोबदला भातात द्यायची जुनी रीत आहे. ज्याच्या खाचरात वाडा बसेल त्याने रात्रीमागे ठरेल तेवढे भात द्यावे, आणि ज्या घरात देणारे कोणी नाही, म्हातारी माणसे एकटी आहेत, त्यांच्यासाठी मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढावी. गावाकडची जमीन पडीक राहिली म्हणून गणपतीला येऊन हळहळण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांनी वाडा येण्याआधी पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचून घ्यावी, त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे आपण शिबिर मागितले आहे. वाटेत रात्री मेंढरे उचलून नेण्याचे प्रकार होतात. आपल्या शिवारात तसे घडले तर पंचायत पोलिसांत जाईल, मग तो कोणाचाही मुलगा असो.

वाडा हवा असलेल्यांनी खाचराचा गट क्रमांक घेऊन दिवाळीआधी ग्रामपंचायत कार्यालयात नाव नोंदवावे. एकाच मळ्यातल्या चार-पाच जणांनी मिळून नाव दिले तर वाड्याला सलग जागा मिळते आणि तो जास्त दिवस थांबतो. वर्गणी कार्यालयातच भरावी. पावतीशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नयेत, सदस्यांच्याही नाही.

आपले,
सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य