तारखा पुढे गेल्या, कॉर्निया पातळ झाला

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस सादर नमस्कार.

काल आम्हाला मुलाच्या डोळ्यांचा इलाज न करताच सरकारी रुग्णालयातून तिसऱ्यांदा परत पाठवलं. मुलाच्या कार्डावर दोन तारखा आधीच खोडलेल्या होत्या, काल तिसरीही खोडली. "मशीन बंद आहे, दिवाळीनंतर बघा," एवढंच उत्तर मिळालं.

मुलगा अकरावीत आहे. त्याला केरॅटोकोनस आहे. यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. इथल्या इंदूरच्या राजवाड्यावरच्या दिव्यांना त्याला शेपट्या दिसतात. वाचायला मान वाकडी करतो. लहानपणी उन्हाळा आला की डोळ्यांना खाज सुटायची आणि हा मुठींनी चोळत बसायचा. चोळण्यानं हे दुखणं बळावतं, असं मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही! वर्षात तीनदा चष्मा बदलला, सिलिंडरचा, म्हणजे कॉर्नियाच्या वाकडेपणासाठी लागणारा नंबर दीडवरून साडेचारवर गेला. शाळेतल्या तपासणीत अक्षरं वाचून घेतली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

इलाज आहे, म्हणून तर जीव तुटतो. रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून डोळ्यावर अतिनील किरण सोडतात. त्यानं आतले तंतू घट्ट बांधले जातात आणि बहुतेकांचा आजार तिथंच थांबतो. याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचते. पण नेहमीच्या पद्धतीला कॉर्निया निदान ४०० मायक्रॉन जाड लागतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पहिली तारीख मिळाली तेव्हा उजवा डोळा ४५१ होता. गेल्या आठवड्यात बाहेर पैसे भरून स्कॅन काढला, तर ४२३. साहेब, तुमच्या तारखांपायी माझ्या मुलाचे २८ मायक्रॉन गेले. आणखी बिघडलं तर कॉर्नियाचं रोपण, आणि त्यासाठी कुणीतरी मरताना डोळे दान केलेले असायला हवेत.

खाजगीत करायचं तर माझा पाच महिन्यांचा पगार लागतो. मी कापडाच्या दुकानात उभी असते.

देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम आहे. मोतीबिंदूची शिबिरं मी लहानपणापासून बघते. म्हाताऱ्यांना नजर मिळायलाच हवी, पण सोळा वर्षांच्या पोराचा डोळा कुणाच्या हिशेबात आहे? याच इंदुरात कचऱ्याची गाडी रोज सकाळी दारात येते. मनावर घेतलं तर सरकारला जमतं, हे आम्ही बघितलंय.

मशीन कधी सुरू होणार, ते लेखी कळवा. शाळेत ज्याचा सिलिंडर नंबर वारंवार वाढतो, त्याचा कॉर्निया तपासायचा हुकूम काढा. पुढचा स्कॅन निघाला की त्यातला आकडा मी तुमच्या कार्यालयात पाठवीन.

एक आई, इंदूर