शर्ट काढलेला हिरो आणि तुझा प्रश्न

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की हिरोने शर्ट काढला की थिएटरमध्ये बायका शिट्ट्या मारतात तेव्हा कोणाला काही वाटत नाही आणि हिरॉइनच्या अंगावरून कॅमेरा फिरला की लगेच आरडाओरडा, मग हा डबल स्टँडर्ड नाही का. हे दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही म्हणून लिहितेय. तुझा प्रश्न चुकीचा नाहीये. पण तू तो फक्त समोरच्याला गप्प करायला वापरतोस, ते मला पटत नाही.

जेम्स बाँडचंच घे, तुला ते सगळे पिक्चर पाठ आहेत. १९६२ च्या डॉक्टर नो मध्ये उर्सुला अँड्रेस पांढऱ्या बिकिनीत समुद्रातून बाहेर येते, आणि २००६ च्या कसिनो रॉयलमध्ये डॅनियल क्रेग तसाच निळ्या स्विमिंग ट्रंकमध्ये बाहेर येतो. लोक दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवतात आणि म्हणतात बघा, झाली फिटंफाट. नाही झाली रे. ती येते तेव्हा बाँड तिला बघत असतो, तिला पत्ताच नसतो, ती आपल्याच नादात गाणं गुणगुणतेय आणि आपण त्याच्या नजरेने तिला न्याहाळतोय. आणि तिचा आवाज, तो तर तिचा नाहीच! तिचे उच्चार चालणार नाहीत म्हणून निकी व्हॅन डर झिल नावाच्या दुसऱ्या बाईकडून डब करून घेतला. म्हणजे जिचा तो एक सीन साठ वर्षं झाली तरी लोक विसरले नाहीत, तिचं दिसणं तेवढं ठेवलं आणि बोलणं काढून घेतलं. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आता क्रेगकडे बघ. त्याच्या अंगावरही कॅमेरा रेंगाळतो, मान्य, शंभर टक्के मान्य. पण बाकी अख्खा पिक्चर त्याचाच आहे, तो पत्ते खेळतो, हरतो, चिडतो, मार खातो, प्रेमात पडतो, फसतो, त्याचं शरीर ही त्याच्याबद्दलच्या दहा गोष्टींमधली एक गोष्ट आहे. आणि किनाऱ्यावर घोड्यावर बसून त्याला बघणारी जी सोलांज आहे ना, ती थोड्याच वेळात हाल करून मारलेली सापडते आणि गोष्ट पुढे निघून जाते. जिने त्याला बघितलं तिची ही गत.

लॉरा मल्वी नावाच्या एका ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ मध्ये यावर निबंध लिहिला, मेल गेझ हा शब्द तिथूनच पसरला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कॅमेऱ्याची नजर, पडद्यावरच्या पुरुषाची नजर आणि प्रेक्षकाची नजर एकच होऊन जाते आणि बाई फक्त बघितली जाते. सगळंच पटलं पाहिजे असं नाही, पण पुढच्या वेळी एखादं गाणं लागलं की एवढंच बघ, चेहरा कधी येतो. आधी कंबर, मग पाठ, मग ओठ, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. हिरोच्या एंट्रीला बूट दिसतात, हात दिसतात, तेही तुकडेच, पण ते तुकडे सांगतात की हा कोणीतरी जबरदस्त माणूस येतोय. तिचे तुकडे काय सांगतात?

पण तुझ्या म्हणण्यात जे खरं आहे तेही सोडायचं नाहीये मला. एखाद्या पिक्चरमध्ये बाई पुरुषाच्या अंगचटीला जाते, तो नको नको म्हणतोय, मागे सरकतोय, आणि मागे मजेशीर म्युझिक वाजतंय. तोच सीन उलटा केला तर तो व्हिलन ठरतो, पोलीस येतात. पुरुषाला नको असूच शकत नाही हे गृहीत धरलंय तिथे, आणि हा अन्यायच आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण बघ, दोन्हीच्या मुळाशी एकच समजूत आहे, पुरुषाला सगळं हवंच असतं आणि बाई ही ती हवी असलेली गोष्ट. म्हणून एकाचं दुःख पुढे करून दुसऱ्याचं खोडायला गेलास की दोन्ही तसंच चालू राहतं.

आणि आता खरं ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. ते जे सिक्स पॅक तुला दिसतात ना ते रोजचे नसतात. ह्यू जॅकमन, हेन्री कॅव्हिल यांनी स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय की उघड्या अंगाच्या सीनआधी ते पाणी पिणं तोडायचे, कातडी ताणून स्नायू उठून दिसावेत म्हणून. वर लायटिंग, तेल, शॉटच्या आधी मारलेले पुशअप्स. ते एका दिवसाच्या शूटिंगसाठी, ट्रेनर उभा असताना. तूही पाणी कमी पितोस, ते कोणासाठी करतोयस? कितीही व्यायाम केला तरी आपण बारीकच दिसतो असं वाटत राहणं याला मसल डिस्मॉर्फिया म्हणतात, मुलांमध्ये होतो, आणि मुलं सांगत नाहीत कारण सांगितलं की लोक हसतात. तुझी बहीण जेवण टाळायला लागली असती तर आपण सगळे तिच्याभोवती बसलो असतो, मग तू आरशासमोर तासभर उभा राहतोस त्याला कौतुकाने फिटनेस का म्हणायचं.

जिम सोड असं मी म्हणत नाहीये. पाणी कमी पिणं मात्र आजपासून बंद, ती पावडर कोणती घेतोस त्या डब्याचा फोटो पाठव, आणि या आठवड्यात डॉक्टरांना एकदा दाखवून ये. चिडलास तरी चालेल, पण फोन उचल.

तुझी,
आई