थेंब बंद करायला नकार देणाऱ्या प्लंबरकाकांना

काका,

स. न. वि. वि.

जानेवारीतल्या त्या रविवारी मी तुम्हाला म्हणाले होते, "जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्याला बोलावते." तुम्ही तेव्हा अर्धे माळ्यात आणि अर्धे शिडीवर होतात. उत्तर दिलं नाहीत, फक्त रद्दीतला एक पेपर मागितलात. आधी त्या बोलण्याबद्दल माफ करा, मग आभारांचं.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्याच सोसायटीत अजून दोघांनी गिझरच्या व्हॉल्व्हमधून पडणारा तो थेंब बुजवून ठेवलाय. त्यांनीही वाचावं.

आमचं घर पुण्याजवळ वाघोलीला, तिसऱ्या मजल्यावर. पाणी बोअरचं, कमी पडलं की टँकरचं. बादली आठवड्यात पांढरी होते. गिझर २५ लिटरचा, बाथरूमवरच्या माळ्यात, बॅगा आणि गणपतीचं मखर यांच्या मागे. म्हणजे बसवला त्या दिवसानंतर सात वर्षांत कुणी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पाऊस संपून तीन महिने झाले तरी बेडरूमच्या भिंतीची ओल हटेना. कपाटाच्या पाठीचा प्लाय फुगला. खालच्या काकूंच्या छताला पोपडे धरले आणि जिन्यात भेटल्या की त्या माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या. एका कंत्राटदाराने भिंतीवर टकटक केलं आणि बाथरूमची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करा म्हणाला. ४५ हजार.

त्याच सुमारास मखर काढताना मला गिझरच्या थंड पाण्याच्या पाइपवरचा तो छोटा व्हॉल्व्ह टपटपताना दिसला. चोर सापडला! मी एम-सील आणून ठेवलं आणि तुम्हाला बोलावलं. काम दोन मिनिटांचं होतं, एवढं भोक बुजवायचं.

तुम्ही म्हणालात, "ताई, हे बुजवायचं नसतं. कुकरच्या शिटीवर तुम्ही वरवंटा ठेवता का?"

खरं सांगते, मला तेव्हा ती पळवाट वाटली. मग तुम्ही शिडीवरूनच विचारलंत, लहानपणी घरी बंब होता का. होता, आजीकडे, तांब्याचा. बंबाला वरून नुसतं झाकण, पाणी तापून फुगलं तरी त्याला जागा असते. गिझरची टाकी मात्र चहूबाजूंनी बंद. पाणी तापलं की साधारण दोन टक्क्यांनी फुगतं, म्हणजे २५ लिटरमागे अर्धा लिटर. मागे पाइपात जायला ते वाट शोधतं, तर व्हॉल्व्ह त्याला उलटं जाऊ देत नाही. मग ते थेंबाथेंबाने बाहेर येतं. तो थेंब अडवला की सगळा ताण टाकीवर आणि सांध्यांवर, आणि त्यात कधी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, अडकला तर टाकी फुटायचीच भीती. "थेंब पडतोय ते बरोबर आहे," तुम्ही म्हणालात, "तो माळ्यावर पडतोय हे चूक आहे." बसवणाऱ्याने त्या तोंडाला साधी नळीसुद्धा लावली नव्हती. माळ्याला उतार नाही, मोरी नाही, पाणी जाणार कुठे? भिंतीत.

पण एवढ्या थेंबांनी एवढी ओल येत नाही, असंही तुम्हीच म्हणालात. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मला एक कारण मिळालं होतं आणि मी तिथेच थांबले होते.

मग तो पेपर. तुम्ही त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्यात. बटण आणि एमसीबी (बोर्डातला सुरक्षेचा स्विच) बंद केलंत, सगळं फडक्याने कोरडं पुसलंत, आणि एकेक पट्टी थंड पाण्याच्या जोडाला, एक गरम पाण्याच्या, एक व्हॉल्व्हच्या तोंडाला आणि एक गिझरच्या बुडाशी, खालच्या झाकणाच्या फटीत खोचलीत. "रात्रभर गिझर लावू नका. सकाळी येतो." गिझर बंद म्हणजे पाणी फुगणार नाही, आणि तरीही काही भिजलं तर ती खरी गळती. इतकं सोपं होतं ते.

सकाळी तीन पट्ट्या खडखडीत कोरड्या. बुडाशी खोचलेली चौथी ओली, आणि तिच्या कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ. तुम्ही ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "टाकी गेली." त्याच झाकणातून वायर आत जात होती आणि ती सरळ उतरत खालच्या सॉकेटपर्यंत आली होती. तिच्यावरून पाणी ओघळून पॉइंटमध्ये जाऊ शकलं असतं, हे तुम्ही बोट फिरवून दाखवलंत तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. रोज सकाळी त्याच बटणाला ओला हात लावत होते मी.

जुना गिझर खाली उतरवल्यावर तुम्ही त्यातून मॅग्नेशियमची कांडी काढून दाखवलीत. कांडी कसली, नुसती तार उरली होती, तिला दोन-चार कुरतडलेले गोळे चिकटलेले. टाकीच्या आधी ती गंजते, म्हणून टाकी टिकते. ती संपली की गंज टाकीच्या पत्र्याला धरतो. आमच्यासारख्या पाण्यात वर्षा-दोन वर्षांनी उघडून बघायला हवी होती. ती स्वस्तात मिळते हे ऐकून मी काय बोलणार?

नव्या गिझरखाली तुम्ही पत्र्याचा पसरट ट्रे ठेवलात, त्याची नळी मोरीच्या जाळीपर्यंत आणलीत. व्हॉल्व्हला वेगळी नळी, उताराने, टोक उघडं. वायरला आधी खाली झोका देऊन मग सॉकेटकडे वळवलीत, म्हणजे पाणी आलंच तर झोक्याच्या तळाशी गळून पडेल. आणि थंड पाण्याचा अँगल कॉक हाताला येईल असा खाली घेतलात. सासूबाईंना बोलावून तो त्यांच्याकडूनच दोनदा बंद-चालू करून घेतलात, कारण दिवसा घरी त्या एकट्या असतात. गावाला गेलो की आता कुलूप लावायच्या आधी त्या स्वतः तो फिरवतात आणि आम्हाला परत वर जाऊन बघू देत नाहीत.

भिंत वाळेपर्यंत पुट्टी मारायची नाही, असं बजावून गेलात. आम्ही होळीपर्यंत थांबलो. फरशी उखडावी लागली नाही. काकूंचं छत आमच्या खर्चाने रंगवून दिलं, आणि आता त्या पुन्हा पूर्वीसारख्या तिरकं बोलतात.

पट्ट्या लावायला आलात त्या फेरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, "काम कुठे केलं" म्हणून. काका, ती चौथी पट्टी मी टाकलेली नाही, गिझरच्या वॉरंटी कार्डात ठेवलीय. आणि व्हॉल्व्हच्या नळीखाली एक बाटली लावलीय. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत तिच्यात तळाला थोडं पाणी जमतं. ते मी तुळशीला घालते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई