गाणं एक, रेकॉर्डिंग दोन, नंबर मात्र एकच

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख (ऑनलाइन संगीत वितरण सेवा)

विषय : सहा गाण्यांच्या इन्स्ट्रुमेंटल ट्रॅकना मूळ गाण्यांचाच आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-नंबर) दिल्याबद्दल आणि माझ्याच गिऱ्हाइकांच्या व्हिडिओंवर लावलेल्या क्लेमबद्दल (मालकीच्या दाव्याबद्दल)

महोदय,

मी नौपाड्यात हार्मोनियमचे क्लास घेतो आणि चाली बांधतो. गेल्या वर्षी स्वतःच्या सहा चाली रेकॉर्ड केल्या. मिक्सिंगच्या शेवटच्या दिवशी कळव्याचा रेकॉर्डिस्ट म्हणाला, "व्होकल म्यूट करून आणखी एक बाउन्स, म्हणजे तयार फाइल, काढून ठेवा. वादकांचे पैसे तर दिलेच आहेत." अर्ध्या तासात सहा ट्रॅक हातात आले. त्यातल्या दोन गाण्यांत आवाजाच्या जागी बासरी हवीशी वाटली, म्हणून बासरीवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याचे 3,000 वेगळे गेले, पण ते सत्कारणी लागले. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनवर भावगीतं ऐकत मोठा झालेला माणूस मी. शब्दांवाचून गाणं चालतं हे मला कुणी नव्याने सांगायला नको.

शिवाय ठाण्यात या ट्रॅकना मागणी आहे. निवृत्त मंडळींचे कराओके ग्रुप आहेत, लग्नाचे व्हिडिओवाले आहेत, गॅदरिंगची नाचाची गाणी बसवणाऱ्या बाई आहेत. खर्च एकदा, मिळकत दोनदा, एवढा साधा हिशेब होता. तुमची 2,499 रुपयांची वार्षिक फी भरून बाराही ट्रॅक मी त्या भरवशावर अपलोड केले.

तुम्ही सहा इन्स्ट्रुमेंटलना गायलेल्या गाण्यांचेच आयएसआरसी दिलेत. हा बारा अक्षर-अंकांचा नंबर गाण्याचा नसतो, रेकॉर्डिंगचा असतो. चाल तीच असली तरी गायलेलं रेकॉर्डिंग वेगळं आणि वाद्यांचं वेगळं, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र नंबर लागतो. तुमच्या धंद्यातली ही बाराखडी आहे. एकच नंबर पडल्यामुळे कोण काय ऐकतंय ते माझ्या स्टेटमेंटमध्ये एकाच ओळीत जमा होतं. इन्स्ट्रुमेंटलने किती कमावलं, हे पाच महिन्यांनंतरही मला सांगता येत नाही.

त्यात गायिका आणि गीतकार यांची नावं, भाषा "मराठी", हेही तुम्ही जसंच्या तसं उचलून वाद्यांच्या ट्रॅकना चिकटवलंत. गायिकेचा रात्री साडेदहाला फोन : "सर, माझं नाव दिसतंय, आवाज कुठे गेला?" गीतकार मित्राला तर न वापरलेल्या शब्दांचाही 25 टक्के वाटा दाखवलाय. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येत शब्द धरलेलेच नाहीत. मित्र प्रामाणिक आहे, म्हणाला, "परत घे." पण परत घ्यायला तुमच्या साइटवर बटण नाही.

खरं नुकसान पुढे आहे. इन्स्ट्रुमेंटल व्हिडिओत वापरायची परवानगी मी तीन व्हिडिओवाल्यांना प्रत्येकी 1,500 रुपयांना लेखी दिली होती. तुम्ही मात्र गायलेली गाणी यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओतलं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकून ठेवलीत. मागची वाद्यं तीच असल्यामुळे त्या यंत्रणेने लग्नाच्या व्हिडिओतला माझा ट्रॅक ओळखला आणि तुमच्या नावाने क्लेम लागला. कोपरीच्या एका व्हिडिओवाल्याने मला मोबाइल दाखवला : वरमाला पडतेय, माझी बासरी वाजतेय आणि खाली पट्टी की हे संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे. नवरीच्या वडिलांनी त्याला विचारलं, चोरीचं गाणं लावलंत का? दोघांचे 3,000 रुपये मी परत केले. तिसरा ओळखीचा आहे, तो अजून थांबलाय.

तुम्हाला मी चार मेल केल्या. तीन वेळा एकच उत्तर आलं, की माझा अनुभव तुमच्यासाठी मोलाचा आहे. चौथ्या वेळी कुणीतरी लिहिलं, "दोन्ही ऑडिओ सारखेच वाटतात, एक डिलीट करा." ज्याला गायलेलं आणि न गायलेलं सारखंच वाटतं, त्याला निदान एकदा हेडफोन द्या.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत सहाही इन्स्ट्रुमेंटलना नवे आयएसआरसी द्या, त्यांवरची गायिका-गीतकाराची नावं आणि वाटे काढा, तिन्ही व्हिडिओंवरचे क्लेम सोडा आणि ते चॅनेल तुमच्या क्लेममधून सूट दिलेल्या यादीत घाला. पाच महिन्यांचा हिशेब वेगळा करून पाठवा आणि मी परत केलेले 3,000 भरून द्या. नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

बासरीच्या दोन ट्रॅकच्या मूळ फाइल्स, परवानगीपत्रांच्या प्रती आणि क्लेमचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. फाइल्स ऐकाच.

आपला,
एक ग्राहक
नौपाडा, ठाणे पश्चिम