आधी तिचे ऐकून घेतल्याबद्दल

श्री. जिमी जॅम आणि श्री. टेरी लुईस यांस,

सादर नमस्कार.

नवोदित गायकांना ध्वनिमुद्रणासाठी तयार करणे हे माझे काम आहे, आणि त्या कामाची माझी रीत तुमच्याकडून आली आहे. अमेरिकी पॉप गायिका जॅनेट जॅक्सनची कारकीर्द ज्या वळणावर घडली, तेथे तुम्ही दोघांनी तिचे संगीत निर्माते म्हणून जे केलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जॅनेट तुमच्याकडे आली ती मायकेल जॅक्सनची बहीण, एका जगप्रसिद्ध घरातले शेंडेफळ म्हणून. सातव्या वर्षी ती भावंडांबरोबर लास वेगासच्या रंगमंचावर उभी राहिली होती, आणि अकराव्या वर्षी ‘गुड टाइम्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत आईच्या छळाला भ्यालेली पेनी साकारून तिने आपली अभिनयाची समज दाखवून दिली होती. गाणे मात्र वडिलांच्या आग्रहातून आले. १९८२ आणि १९८४ साली निघालेले तिचे पहिले दोन अल्बम इतरांनी ठरवलेल्या चालींवर आणि शब्दांवर उभे होते. त्यांत तिचा आवाज होता, पण तिचे म्हणणे कुठेच नव्हते. त्यानंतर वडिलांकडून आपल्या कामाची सूत्रे काढून घेण्याचे धाडस तिने केले, आणि तिच्या रेकॉर्ड कंपनीतले अधिकारी जॉन मॅक्लेन यांच्या पुढाकाराने, घरच्यांना सोबत न घेता, ती मिनियापोलिसला तुमच्या स्टुडिओत आली.

तेथे तुम्ही तिच्यापुढे लगेच माइक ठेवला नाहीत, यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. सुरुवातीचे कित्येक दिवस तुम्ही तिच्याबरोबर नुसते हिंडलात, गप्पा मारल्यात, आणि काम कधी सुरू होणार असे तिने विचारले तेव्हा तिच्याच बोलण्यातून उतरलेले शब्द तिच्या हाती ठेवलेत. हॉटेलबाहेर काही पुरुषांनी तिची वाट अडवून तिला त्रास दिला. संरक्षणासाठी तुमच्याकडे धाव घेण्याऐवजी तिने त्यांना स्वतः तोंड दिले, आणि तो संताप ‘नॅस्टी’ या गाण्यात जसाच्या तसा उतरला. १९८६ च्या ‘कंट्रोल’ अल्बममधले तिचे ते ठाम, तुटक उच्चार ऐकताना मला आजही वाटते, की हे दुसऱ्या कोणी लिहून दिले असते तर ती इतक्या अधिकाराने म्हणू शकली नसती.

यशानंतर हे विसरणे सोपे होते. पुढचा अल्बम तिच्या कुटुंबावर असावा अशी रेकॉर्ड कंपनीची इच्छा होती, आणि त्या आडनावाकडे पाहता तो खपलाही असता. पण तिला बातम्यांत दिसणाऱ्या वंशभेदाविषयी, व्यसनांविषयी आणि शाळेत झालेल्या गोळीबाराविषयी बोलायचे होते. तुम्ही पुन्हा तिचेच ऐकलेत. १९८९ च्या ‘रिदम नेशन १८१४’ मधली सात गाणी अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या पाचांत पोहोचली.

अभिनयाकडे ती परतली तेव्हाही तुमची साथ होती. १९९३ साली ‘पोएटिक जस्टिस’मध्ये ती नायिका झाली, आणि त्या चित्रपटासाठी तुम्ही तिघांनी रचलेल्या ‘अगेन’ या गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. २००४ साली सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या कार्यक्रमात सहगायकाच्या हातून तिचा पोशाख फाटला, आणि त्यानंतर सारा राग तिच्या एकटीवर निघाला, जो मला तेव्हाही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. त्या काळातल्या काही अल्बमांवरही तुमची नावे आहेत, आणि २०१५ च्या ‘अनब्रेकेबल’वरही आहेत.

माझ्याकडे कोणी नवे गायला आले, की पहिल्या भेटीत मी गाण्याचा विषय काढत नाही. विशेषतः संगीताचा वारसा असलेल्या घरातली मुले आली, तर वडील किंवा आजोबा काय गात असत हे न विचारता, तुला काय सांगायचे आहे, एवढेच विचारते. बरीच मुले आधी गप्प बसतात, आणि मग बोलू लागली की थांबत नाहीत.

एकोणीस वर्षांच्या त्या मुलीचे नाव ‘कंट्रोल’वर केवळ गायिका म्हणून न छापता, गीतलेखनात आणि सहनिर्मितीतही तुमच्या नावांशेजारी आले, याबद्दल तुमचे पुन्हा एकदा आभार.

आपली नम्र,
एक श्रोती